पाहुण्यांना वाढलेलं ताट

माझ्या सासूने त्या दिवशी पाहुण्यांना जेवू घातलं नसतं, तर आमचा तांदूळ बंद झाला नसता. हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे, शेजाऱ्यांच्या देखत सांगितलं आहे, आणि अजूनही डोकं तापलं की भांडी घासता घासता सांगते. ती ऐकून घेते. सुपारी कातरत बसते आणि म्हणते, "मग काय, पोरांना उपाशी पाठवायचं होतं?"

पाहुणे कसले, तपासणीवाले होते ते. त्या वर्षी बर्मातून पळून आलेल्या आम्हा लोकांच्या छावणीत बातमी आली की आम्हाला तांदूळ देणाऱ्या लांबच्या देशांनी हात आखडता घेतला आहे, आता सगळ्यांना तांदूळ मिळणार नाही. ज्यांचं अगदीच भागत नाही त्यांना मिळेल, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं. आता मला सांगा, कुंपणाबाहेर पाऊल टाकलं तर थाई शिपाई धरतात, नदी ओलांडून मागे जावं तर बर्मी शिपाई बसलेले, आणि मध्ये आम्हाला भोपळ्याचा वेल चढवायलासुद्धा शेजाऱ्याचं छप्पर लागतं. अशा जागी कुणाचं काय म्हणून भागणार? पण कुणाचं भागतं आणि कुणाचं नाही, हे ठरवायला माणसं येणार होती, घरोघर.

सासूचं नाव नॉ ब्वे वाह. ते कुणी उच्चारलं तर तिला स्वतःलाही मान वळवायला वेळ लागेल. आम्हा करेन लोकांत पहिलं मूल झालं की बाईचं आधीचं नाव मागे पडतं, ती त्या मुलाची आई होते. मी मूपॉची आई, मूपॉ माझी लेक. ती थाडोची आई. थाडो म्हणजे माझा नवरा. दोन वर्षांमागे तो नदीपलीकडे गेला, आपल्या जुन्या शेतात आता कोण पेरतंय ते बघून येतो म्हणाला. चार-आठ दिवसांची बात होती. आलाच नाही. कुणी म्हणालं सुरुंगावर पाय पडला, कुणी म्हणालं शिपायांनी ओझी वाहायला धरून नेला. पाहिलं मात्र कुणीच नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी मी छपरासाठी पानं आणायला वरच्या टेकडीवर गेले होते. परत आले तर घरातून कोंबडीच्या रश्श्याचा वास. आमच्या घरात एकच कोंबडी होती आणि ती मूपॉसाठी अंडी द्यायची. शिडीने वर चढून बघते तर बांबूच्या भुईवर तपासणीची पिम मॅडम मांडी घालून बसलेली. बँकॉकची पोरगी, गोरीपान, घामाने डबडबलेली, मांडीवर ते काचेचं यंत्र. शेजारी तिचा दुभाषी प्रासित. आणि दोघांच्या पुढ्यात ताट भरून भात. महिन्याचा शेवटचा भात. आम्ही तिघी आठवडाभर मूठभर तांदळात बांबूचे कोंब घालून पेज करून पीत होतो, तो भात.

"घ्या, आणखी घ्या," सासू म्हणत होती. "लाजू नका. तांदूळ पुष्कळ आहे."

प्रासितने ते थाई भाषेत सांगितलं. छावणीत येण्याआधी मी चार वर्षं मक्याच्या शेतावर थाई मालकिणीच्या शिव्या खाल्ल्या आहेत, तेवढी थाई मला कळते. पुष्कळ आहे, म्हणाला तो. मॅडमने काचेवर बोट टेकवलं.

"आजी, रोज किती वेळा जेवता तुम्ही?"

"भूक लागेल तेव्हा जेवतो की! आम्हाला काय कमी आहे?"

"घरात कमावतं कोण?"

"मुलगा आहे ना माझा. कामाला गेलाय पलीकडे. येईलच."

"आई, अहो..." मी तोंड उघडलं.

"तू आधी पाणी आण. पाहुण्यांचे हात सुकले."

आता हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दारात आलेल्याला 'जेवलात का' विचारायचं, त्याने 'जेवलो' म्हणायचं, मग आपण 'तरी थोडं घ्याच' म्हणायचं. घरात उंदीर उपाशी मरत असला तरी 'पुष्कळ आहे' म्हणायचं, नाहीतर पाहुण्याच्या घशाखाली घास कसा उतरेल? पिम मॅडमला हे ठाऊक नसेल, मान्य. बँकॉकमध्ये कोण कुणाला विचारतं? पण प्रासितची आई आमच्याच नदीकाठची. तो आमच्यासारखाच बोलतो, आमच्यासारखाच बोटांनी भात मळतो. त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने दुसऱ्यांदा भात घेतला आणि कोंबडीची मान चोखत बसला.

उतरताना मी त्याला शिडीपाशी गाठलं. "भाऊ, मॅडमला सांगा ना. हे आपलं बोलायची रीत म्हणून बोलली ती. घरात काही नाही हो. पेज पितोय आम्ही."

तो दात कोरत होता. "मूपॉची आई, माणसं बोलतात ते मी पुढे सांगतो. त्यांच्या मनातलं सांगायचा मला हुकूम नाही."

"मनातलं नाही, पोटातलं सांगा."

"ते त्यांनीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. जेवण कसं होतं तेवढंही बोलला नाही.

निकाल आमच्या भागाच्या प्रमुखाच्या, सॉ नेल्सनच्या, ओट्यावर वाचून दाखवला. आमचं नाव आलं ते तांदूळ बंद झालेल्यांत. कोंबड्या पाळतात, दिवसातून हवं तितक्यांदा जेवतात, मुलगा कमावता. आमच्या ओळीत ज्या ज्या घराने चूल पेटवून पाहुण्यांना वाढलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचा तांदूळ गेला होता. आणि पूर्ण तांदूळ कुणाला मिळाला? आमच्या शेजारच्या पो ले याला. तो गडी त्या दिवशी दारू पिऊन आडवा पडला होता, पाहुण्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, वर 'कोण तडमडलंय रे' म्हणून ओरडला होता. फार हलाखीची स्थिती, असं ठरलं त्याचं. त्याला तांदूळ, वर तेल. बिचाऱ्याला इतकी लाज वाटली की दोन दिवस शुद्धीत राहिला.

मी नेल्सनला धरलं. "तुम्हाला काय दिसत नाही का आमचं घर? रोज दारावरून जाता."

"मला दिसतं गं बाई. पण ठरवणारा मी कोण? ते यंत्रात भरतात, यंत्र सांगतं."

"यंत्राला कोंबडी दिसली, आणि ती कोंबडी त्यांच्याच पोटात गेली ते नाही दिसलं?"

ओट्यावरचे लोक हसले. नेल्सनही हसला असता, पण त्याला प्रमुख राहायचं होतं. "हे बघ," तो हळूच म्हणाला, "सोमवारी मॅडम सभागृहात बसणार आहेत. ज्याची तक्रार असेल त्याने येऊन तोंडाने सांगायचं. पण ज्याला प्रश्न विचारले त्यानेच. थाडोच्या आईला घेऊन ये. घरात अन्न नाही म्हणावं. आणि मुलाचं काय ते... खरं सांगावं."

"खरं काय, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

खरं काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर आमचं जे जुंपलं ते खालच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"'माझ्या घरात खायला नाही' असं सांगू?" सासू म्हणाली. "त्या पोरीला? माझ्या हातचं जेवून गेली ती. तिला वाटेल म्हातारीने घातलेला घास मोजला. त्यापेक्षा मेलेलं बरं."

"मरूच आपण. तुमच्यासकट मूपॉही मरेल. आणि कमावता मुलगा कुठून काढलात?"

"मग काय सांगायचं होतं?"

"दोन वर्षं पत्ता नाही म्हणून सांगायचं. मेला म्हणून सांगायचं!"

तिने सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. "मूपॉची आई, मनगटाला दोरा बांधून आपण जिवाला घरी बोलावतो की नाही? त्याचं मनगट इथे नाही, तर मी दर पावसाळ्यात या खांबाला दोरा बांधते. कशासाठी? जीव ऐकत असतो. मी आई आहे त्याची. माझ्या तोंडून 'मेला' निघालं की तो मेलाच. मग तो कुठे का असेना, चालत निघाला असला तरी वाटेत खाली बसेल."

"त्याचा जीव ऐकतो, आणि तुमच्या नातीचं पोट बोलतं ते ऐकू येत नाही?"

मूपॉ कोपऱ्यात बसून पेजेची वाटी बोटाने पुसून खात होती. आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं. सासूने आपल्या वाटीतले कोंब काढून तिच्या वाटीत टाकले. "येते सोमवारी," ती म्हणाली.

सोमवारी ती न्हाऊन, डोक्याला लाल फडकं गुंडाळून आली. सभागृहात बाकांवर थोडीच माणसं होती. तांदूळ गेला होता पुष्कळांचा, पण 'मी उपाशी आहे' असं चारचौघांत सांगण्यापेक्षा घरी बसून उपाशी राहणं लोकांना सोपं वाटलं. आम्हाला पाहताच पिम मॅडम उठून उभी राहिली. हात जोडले, वाकली. "आजी, त्या दिवशी जेवण फार छान होतं," म्हणाली. पोरगी वाईट नव्हती हो. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

"आजी, काही अडचण आहे का तुम्हाला?" प्रासितने तिचा प्रश्न आमच्या भाषेत विचारला.

सासूने मॅडमकडे नीट पाहिलं. "हिला सांग, वाळलीस गं तू. तिकडे जेवायला मिळतं ना नीट?"

बाकांवर हशा पिकला. मॅडमही हसली. मला मात्र तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"आजी, घरात तांदूळ आहे का?"

सासू मान खाली घालून बसली. नखाने बाकाची साल काढत राहिली. मी तिच्या पाठीला कोपराने ढोसलं. शेवटी ती पुटपुटली, "आहे थोडासा."

"आहे, म्हणते," प्रासितने मॅडमला सांगितलं.

"थोडासा म्हणाली ती!" मी उभी राहून ओरडले, करेनमध्ये नाही, थाईमध्ये. "थोडासा गिळलात तुम्ही! त्या दिवशी भात गिळलात, आज शब्द गिळलात! आमच्यात 'थोडासा' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. 'थोडासा' म्हणजे नाही!"

मॅडमने एकदा माझ्याकडे, एकदा प्रासितकडे पाहिलं. "पण मुलगा पैसे पाठवतो ना?"

"तिचा मुलगा मेलाय," मी म्हणाले.

बोलून गेले. त्या घटकेला मला फक्त तांदळाचं पोतं दिसत होतं. मॅडमने हलक्या आवाजात विचारलं, "कधी?" मी म्हणाले, "दोन पावसाळे झाले. पलीकडे. सुरुंगावर पाय पडला." एक खोटं सांगितलं की पुढची आपोआप रांग लावतात.

"आजी, हे खरं आहे का?"

सासूने मान वर केली नाही. हो म्हणाली नाही. नाही म्हणाली असती तर मी चारचौघांत खोटी पडले असते, आणि सुनेला चारचौघांत खोटं पाडणारी बाई ती नव्हे. ती नुसती बसून राहिली. तेव्हा प्रासित, कुणी विचारलेलं नसताना, मॅडमच्या कानाशी वाकून म्हणाला, "हे लोक असे गप्प बसले म्हणजे हो असतं."

त्या दिवशी मनातलं सांगायचा हुकूम नव्हता. आज कुठून आला? उपाशी आहे हे मनातलं तुला दिसलं नाही, आणि मुलगा मेलाय हे दिसलं? मी त्याच्या अंगावर धावून गेले असते, पण मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिचं बोट काचेवर चाललं होतं. "मला फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "घरात कमावता पुरुष नाही, म्हणजे तुम्हाला पूर्ण तांदूळ मिळेल. तिघींचा." तीन तोंडांचा तांदूळ मिळवायला एक माणूस मारावा लागला, आणि तो मी मारला.

परतताना सासू माझ्यापुढे चालत होती. घरात शिरल्यावर खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, "आता त्याचं कर."

"काय करू?"

"मेला म्हणालीस ना? मग त्याला रीतीने पोचव. मेलेल्याला असं अधांतरी ठेवत नाहीत, ना इथला ना तिथला."

"आई, ते नुसतं म्हणायचं होतं. तांदळासाठी."

"मीही नुसतंच म्हणाले होते, पुष्कळ आहे म्हणून. जे तोंडातून गेलं ते खरं धरतात. धरलं त्यांनी खरं. ऐकणाऱ्याने ऐकलंही असेल."

ती सूड उगवते आहे असं मला वाटलं. मी नेल्सनकडे गेले, म्हटलं हिला समजवा. त्याने उलट मलाच समजावलं. "करून टाक बाई. तू सगळ्यांसमोर बोललीस. आता पोचवणं झालं नाही तर लोक विचारतील, मेला तर रडलं का नाही कुणी? तांदूळ गेलेल्या घरांचे डोळे आहेत तुझ्यावर. गोष्ट मॅडमपर्यंत गेली तर तुझा तांदूळ तर जाईलच, माझीही पंचाईत."

म्हणजे तांदळाच्या ऑफिसला मेलेला हवा, नेल्सनला मेलेला हवा, आईलाही आता मेलेलाच हवा. जिवंत हवा असणारं छावणीत कुणी उरलंच नव्हतं. एक मी होते, आणि मारणारीही मीच.

तांदूळ आला तसा पोचवण्याचा दिवस ठरला. आमच्यात मेलेल्याच्या घरी येणारा प्रत्येक माणूस जेवून जातो. आलेल्या तांदळातला बराचसा चुलीवर चढला. लोक रिकाम्या हाताने आले नाहीत. ज्यांचा तांदूळ बंद होता त्यांनीही पदरात बांधून मूठ-दोन मुठी आणल्या, आणि पो ले याने आपलं तेल आणून ठेवलं. मला त्या मुठी बघवत नव्हत्या. ज्यांची पोरं पेजेवर होती ते माझ्या खोट्यासाठी तांदूळ घेऊन येत होते आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. मी चुलीत लाकडं कोंबत राहिले. धुराने डोळे चुरचुरत होते ते एक बरं होतं.

प्रेत नव्हतं, म्हणून चटईवर त्याचा लाल विणीचा सदरा पसरला. पोरंपोरी त्याभोवती फिरत गाऊ लागली. मग वरच्या ओळीतला म्हातारा पुढे झाला, त्यालाच आता हे सगळं येतं. मेलेल्यांच्या गावात सगळं उलटं असतं, म्हणून तो हातात मेणबत्ती धरून सदऱ्याला वाट समजावू लागला. ही पूर्व दिसते ती पश्चिम समज, हा शेंडा दिसतो ते मूळ समज. ऐकता ऐकता मला वाटलं, हे तर आमचं ऑफिसच झालं. तिथेही वाढणारा तो भरलेला आणि हाकलणारा तो भुकेला.

"आता बायकोने सांगायचं," म्हातारा म्हणाला.

मला ठाऊक होतं काय सांगायचं असतं. माझ्या आईने माझ्या बापाला सांगितलेलं मी ऐकलं आहे. इथली वाट आता तुझी नाही, परत येऊ नकोस. मेलेल्याला हे बायकोच्या तोंडून ऐकल्याशिवाय जाववत नाही म्हणतात. मी सदऱ्यापाशी गुडघ्यांवर बसले. सभागृहात घडाघडा थाई बोलणारी मी, सदऱ्याची बाही सरळ करत बसले. खरंच कुठेतरी असला तर? ओझ्याखाली वाकून कुठल्या डोंगरात चालत असला, आणि हे ऐकून खाली बसला तर?

शिडीपाशी नेल्सन हातात वाटी घेऊन उभा होता. माझ्याकडेच बघत होता. बाकीचेही बघत होते.

"सांग," सासू म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने मूपॉला मांडीवर ओढून घेतलं होतं. "तू आता त्याची बायको म्हणून बोलू नकोस. हिची आई म्हणून बोल."

तेव्हा मला कळलं की ती सूड घेत नव्हती. तिने तिचा मुलगा सोडला होता, आणि माझा नवरा मुलीसाठी माझ्याकडून सोडवून घेत होती.

"थाडो," मी म्हणाले, "परत येऊ नकोस. इथे आता तिघींचाच तांदूळ येतो."

"मोठ्याने," म्हातारा म्हणाला. "त्याला ऐकू गेलं पाहिजे."

सासूने दोन्ही हातांनी मूपॉचे कान झाकले. मी पुन्हा सांगितलं, शिडीपाशी उभ्या असलेल्या नेल्सनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.